नवा बिअर्डेड ड्रॅगन घरी आणलाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बिअर्डेड ड्रॅगन हा मूळचा ऑस्ट्रेलियातला सरडा. पाळणाऱ्यांच्या बोलीतला हा बिअर्डी घरी आल्यावर पहिल्या काही महिन्यांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. "खात नाही", "सुस्त पडलाय", "काळा दिसतोय" या तक्रारी सगळ्यात जास्त येतात आणि त्यांचं मूळ बहुतेक वेळा दिव्यांत किंवा तापमानात निघतं. घाईत असाल तर प्रश्न ५ ते ८ आधी वाचा.

१. बिअर्डी पाळणं कायदेशीर आहे ना? दुकानदार म्हणतो कागदबिगद काही लागत नाहीत.

तोंडी शब्दावर विसंबू नका. ऑस्ट्रेलिया आपले वन्य प्राणी व्यापारासाठी देशाबाहेर जाऊ देत नाही. त्यामुळे बाहेर विकले जाणारे बिअर्डी बंदिवासात जन्मलेले असतात. "थेट ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातून आणलाय" असं कुणी सांगत असेल तर ती थाप तरी आहे, नाहीतर तस्करी. आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) कायद्यात २०२२ साली झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. त्यातल्या चौथ्या अनुसूचीतली परदेशी प्रजाती ज्याच्याकडे असेल, त्याला केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर (वेबसाइटवर) नोंदणी करावी लागते. अनुसूची बदलू शकते, म्हणून घेण्याआधी 'पोगोना व्हिटिसेप्स' हे शास्त्रीय नाव देऊन वन विभागाकडे विचारा आणि विक्रेत्याकडून प्रजातीचं नाव लिहिलेलं पक्कं बिल घ्या. बिलासाठी कां-कूं करणाऱ्याकडून घेऊच नका.

रानातून घोरपडीचं पिल्लू उचलून आणून "हाही तसाच दिसतो की" म्हणणारे अधूनमधून भेटतात. घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे. ती घरात ठेवणं हा गंभीर गुन्हा आहे.

२. किती मोठा होतो, किती जगतो, किती खर्च येतो?

शेपटीसकट ४५ ते ६० सेंटीमीटर, वजन साधारण ३०० ते ५०० ग्रॅम. नीट सांभाळला तर ८ ते १२ वर्षं सहज. म्हणजे आज सातवीत असलेल्या मुलीच्या हट्टाखातर आणलात, तर ती कॉलेजसाठी बाहेरगावी गेल्यावर किडे तुम्हालाच धरायचे आहेत.

खर्चात माणसं एक चूक हमखास करतात. सगळं बजेट प्राण्यावर उडवतात आणि दिवे "पुढच्या महिन्यात" घेतात. हिशेब उलटा करा. आधी त्याचं घर (काचेचं वा प्लायचं खोकं) आणि दिवे लावा, दोन दिवस तापमान मोजा, मग प्राणी आणा. १५ सेंटीमीटरपेक्षा छोटं पिल्लू नवख्याने घेऊ नये. डोळे खोल गेलेले, पोट जमिनीला घासत चालणारं, बोटं वा शेपटीचं टोक तुटलेलं पिल्लू कितीही स्वस्त मिळत असलं तरी नको. खवले नसलेले गुळगुळीत 'सिल्कबॅक' दिसायला वेगळे, पण त्यांची कातडी नाजूक असते आणि आयुष्यभर कुरबुरी चालू राहतात. माझ्या मते ती पैदास व्हायलाच नको.

३. आणून चार दिवस झाले, काही खात नाही. नुसता कोपऱ्यात बसलाय. मरेल का?

मोठा असेल तर घाबरू नका. नवी जागा, नवे वास, प्रवासाचा शीण. आठवडाभर कमी खाणं चालतं. या काळात त्याला हातात घेऊ नका, पाहुण्यांना दाखवू नका, दर तासाला वाकून बघू नका. घराच्या तीन बाजूंना बाहेरून कागद लावा. सकाळी भाजी ठेवा, एक-दोन किडे सोडा, अर्ध्या तासात खाल्ले नाहीत तर काढून घ्या. रात्री मोकाट राहिलेले रातकिडे झोपलेल्या बिअर्डीलाच चावतात.

पिल्लू असेल तर मात्र दोन-तीन दिवसांपलीकडे वाट पाहू नका. आधी दिव्याखालच्या जागेचं तापमान मोजा (प्रश्न ५). ते बरोबर असूनही तोंड लावत नसेल तर डॉक्टर (प्रश्न १७).

४. घरी जुना फिश टँक पडून आहे. तो चालेल का?

पिल्लासाठी दोन-चार महिने चालेल, वर जाळीचं झाकण हवं. मोठ्याला १२० बाय ६० बाय ६० सेंटीमीटर ही किमान जागा धरा, कारण एका टोकाला गरम आणि दुसऱ्या टोकाला थंड असा फरक दोन फुटांच्या टँकमध्ये पडतच नाही. सगळा टँक एकसारखा तापतो. सुताराकडून प्लायचं, पुढे सरकत्या काचांचं आणि दोन्ही बाजूंना हवेसाठी जाळी असलेलं खोकं करून घेणं बहुतेकांना परवडतं. आतून पॉलिश केलं तर वास पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे दोन-तीन आठवडे, ते रिकामं ठेवा. समोरून उघडणारं घर बरं. बिअर्डीच्या टाळूवर प्रकाश ओळखणारा तिसरा डोळा असतो आणि वरून आलेली सावली म्हणजे त्याच्या लेखी शिकारी पक्षी. वरून हात घालणाऱ्या मालकाला तो महिनोन्‌महिने भितो ते त्यामुळेच.

५. दिवे नक्की कोणते लावू? दुकानात एकच लाल बल्ब दिला आणि म्हणाले पुरे.

पुरे नाही. दोन वेगळी कामं आहेत आणि त्यांना दोन वेगळे दिवे लागतात.

पहिला उष्णतेचा. साधा पांढरा हॅलोजन बल्ब, एका टोकाला. त्याच्याखाली शहाबादी फरशीचा तुकडा ठेवा. ती छान तापते, उष्णता धरून ठेवते आणि नखंही झिजवते. फरशीवर दगडासारखा काही उंचवटा केलात तर तो तिथे चढून बसेल. त्या बसायच्या जागेचं तापमान ३८ ते ४२ अंश सेल्सिअस हवं, थंड टोकाला २४ ते २८. रात्री सगळे दिवे बंद आणि १८ ते २४ पर्यंत उतरलेलं तापमान चांगलंच. लाल बल्ब रात्रभर लावून त्याची झोप मोडू नका. खाली ठेवायचे 'हीट रॉक', म्हणजे विजेवर तापणारे दगड, मुळीच नकोत. पोट भाजलं तरी बिअर्डी त्यावरून उठत नाही.

दुसरा यूव्हीबीचा, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांचा; त्यांच्यावर त्याचं शरीर डी-३ जीवनसत्त्व बनवतं आणि त्यामुळेच कॅल्शियम अंगी लागतं. १० ते १२ टक्के यूव्हीबीची टी-५ (बारीक जाडीची) ट्यूब, घराच्या अर्ध्याहून जास्त लांबीची, गरम टोकाकडून सुरू होणारी. मध्ये जाळी नसेल तर पाठीपासून साधारण ३० ते ४० सेंटीमीटरवर. जाळी असेल तर जवळ आणावी लागते, कारण जाळी बरीचशी किरणं अडवते. अंतर ट्यूबच्या खोक्यावरच्या तक्त्यात ताडून घ्या. ही ट्यूब डोळ्यांना पांढरी दिसत राहते, पण वर्षभराने तिच्यातली यूव्हीबी उतरलेली असते. लावल्याची तारीख मार्करने टोकावर लिहून ठेवा आणि बारा महिन्यांनी बदला. स्क्रूसारखे वळलेले छोटे यूव्हीबी बल्ब मोठ्या घराला पुरत नाहीत.

दोन्ही दिवे टायमरवर, दिवसाला १२ ते १४ तास. मोजायला काचेला चिकटवायचे गोल काटे घेऊ नका. ते हवेचंही धड दाखवत नाहीत. पृष्ठभागासाठी टेम्परेचर गन आणि थंड टोकाला वायरवाला डिजिटल थर्मामीटर घ्या. बल्ब जास्त तापत असेल तर डिमर लावा किंवा कमी वॉटचा बल्ब घ्या. बल्ब उगाच वर-खाली टांगत बसू नका.

६. आमच्याकडे गॅलरीत भरपूर ऊन येतं. रोज टँक खिडकीत ठेवते. मग महागडी ट्यूब कशाला?

ताई, काचेतून उजेड आणि ऊब येते, यूव्हीबी येत नाही. उलट उन्हात ठेवलेला काचेचा टँक दहा-पंधरा मिनिटांत भट्टी होतो आणि आतल्या प्राण्याला पळायला सावली नसते. असे मृत्यू दर उन्हाळ्यात कानावर येतात.

थेट ऊन मात्र उत्तम. सकाळी नऊच्या आत, जाळीच्या पिंजऱ्यात, अर्धी सावली ठेवून, वीस-पंचवीस मिनिटं, आणि तुम्ही शेजारी हजर. कावळा, घार, शेजारचं मांजर, कुणालाही संधी देऊ नका. पावसाळ्यात चार महिने हा मार्ग बंदच असतो, म्हणून ट्यूब लागतेच.

७. नागपूरला मे महिन्यात ४५ अंश असतं. वाळवंटातला प्राणी आहे, चालवून घेईल ना?

वाळवंटातला बिअर्डी दुपारी बिळात किंवा झुडपाच्या सावलीत सरकतो. खोक्यातला कुठे सरकणार? त्याचं आरोग्य टिकतं ते थंड टोकावर. ते टोक ३२-३३ च्या वर गेलं की काळजी सुरू करा.

खोलीच ३८ झाली असेल तर उष्णतेचा बल्ब बंद ठेवा, ट्यूब चालू राहू द्या. खोलीत कूलर चालेल. विदर्भातली हवा तेव्हा इतकी कोरडी असते की थोडा ओलावा बाधत नाही. पण कूलरचा झोत थेट घरावर नको. थंड टोकाला माठाच्या खापराची आडोशाची जागा करून द्या. दिव्याखाली बसून तोंड उघडणं नेहमीचं आहे. थंड टोकाला बसूनही 'आ' वासलेला असेल आणि हातपाय ढिले पडले असतील तर त्याला उष्माघात होतोय. कोमट पाण्यात (बर्फाच्या नव्हे) पाय बुडवा आणि डॉक्टरांना फोन करा.

८. आम्ही चिपळूणला राहतो. पावसाळ्यात आर्द्रता नव्वदच्या पुढे. काय करावं?

बिअर्डीला ३० ते ४० टक्के आर्द्रता मानवते, ६० पर्यंत तो निभावतो. कोकणात जून ते सप्टेंबर हे गणित जुळणं अवघड आहे, पण धोका नुसत्या ओलाव्याचा नाही. ओलावा अधिक गारवा अधिक कोंदट हवा, या तिघांनी मिळून छातीचे आजार येतात. गारवा आणि कोंदटपणा तुमच्या हातात आहे. बल्ब पूर्ण वेळ चालू ठेवा, जाळ्या मोकळ्या ठेवा, पाण्याचं भांडं घरात कायम न ठेवता दिवसातून एकदा पाजा (प्रश्न १४), आणि तळाचा कागद रोज बदला. जमत असेल तर खोलीला डिह्युमिडिफायर किंवा एसीचा ड्राय मोड.

या दिवसांत कातडीवर पिवळट-तपकिरी, पापुद्र्यासारखे डाग दिसले आणि ते पसरत असतील तर घरगुती मलमं लावत बसू नका. बिअर्डींना 'यलो फंगस' नावाचा चिवट बुरशीचा आजार होतो आणि तो उशीर खपवून घेत नाही.

९. लोडशेडिंगमध्ये दिवे गेले तर?

तीन-चार तास गेल्याने काही बिघडत नाही. फक्त पोटभर किडे खाल्ल्यावर ऊब गेली तर अन्न पचत नाही, म्हणून वीज जायची ठरलेली वेळ असेल तर त्याच्या दोन तास आधी खायला घालू नका. ट्यूब कमी विजेवर चालते, तिला इन्व्हर्टरवर घ्या. शंभर वॉटचा बल्ब घरच्या इन्व्हर्टरवर टाकण्याची गरज नाही.

१०. तळाला वाळू टाकू का? फोटोत छान दिसते.

नव्याला नको. पहिले तीन महिने वर्तमानपत्र, टिश्यू पेपर किंवा फरशी. शी कशी झाली ते लगेच दिसतं आणि पिल्लू किड्याबरोबर वाळू गिळत नाही. बाजारातली 'कॅल्शियम सँड' कधीच नको. ती पोटात जाऊन गोळा होते.

११. आम्ही पूर्ण शाकाहारी. नुसत्या भाजीवर ठेवला तर चालेल ना?

नाही. मोठ्या बिअर्डीच्या खाण्यात भाजी जास्त असते, पण किडे शून्य करता येत नाहीत, आणि पिल्लांचं तर बरंचसं खाणं किड्यांचंच. घरात हे जमणार नसेल तर दुसरा प्राणी निवडा.

पिल्लाला दिवसातून दोन-तीन वेळा, दहा-पंधरा मिनिटांत खाईल तेवढे. वर्षाच्या पुढे आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. रातकिडे आणि डुबिया झुरळं हे रोजचं. सुपरवर्म (मोठ्या अळ्या) चरबीचे, म्हणून मोठ्यांना आणि तेही क्वचित. मराठवाड्यात तुतीची रेशीमशेती आहे. ओळखीच्या शेतकऱ्याकडून रेशीमअळ्या मिळाल्या तर सोन्याहून पिवळं, फक्त निर्जंतुकीकरणाची पावडर मारलेल्या नकोत.

शेतातले नाकतोडे आणि घरातली झुरळं नकोत, फवारणीचा भरवसा नाही. आणि काजवे कदापि नाही. अमेरिकेत काजवा खाऊन बिअर्डी मेल्याची नोंद आहे. मे-जूनमध्ये भंडारदऱ्याकडे काजवे बघायला जाणाऱ्यांनी बाटलीत भरून "त्यालाही दाखवू" म्हणून आणू नयेत.

१२. आपल्या मंडईतल्या कोणत्या भाज्या द्याव्यात?

परदेशी याद्यांमधली कॉलर्ड ग्रीन्स शोधत फिरू नका. शेवग्याचा कोवळा पाला, तुतीची पानं, जास्वंदाची पानं-फुलं हे आलटून पालटून. त्यात लाल भोपळा किसून, थोडी भेंडी, दुधी, कधी कोथिंबीर. पालक, चुका आणि माठ यांतलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतं, म्हणून हे रोज नाही. अळू नकोच. कांदा, लसूण, लिंबू-संत्रं आणि ॲव्होकॅडो बंद. फळ म्हणजे पंधरवड्यातून एखादा पपईचा तुकडा.

पाला पंधरा मिनिटं पाण्यात बुडवून, निथळून, बारीक चिरून द्या. पिल्लू भाजीकडे ढुंकूनही बघत नसेल तर हरकत नाही, पण रोज ठेवा. वर एखादी अळी वळवळत ठेवली की चुकून पानही तोंडात जातं.

१३. कॅल्शियम पावडर किती? डी-३ वाली की साधी?

ट्यूब नीट असेल तर साधी. झाकणाच्या डब्यात किडे, चिमूटभर पावडर, डबा हलवायचा; किडे पीठ लावल्यासारखे पांढरे झाले की लगेच द्यायचे, कारण ते अंग झटकून पावडर पाडतात. वाढत्या पिल्लाला आठवड्यातून पाच दिवस, मोठ्याला दोन-तीन दिवस. मल्टिव्हिटॅमिन वेगळं, आठवड्यातून एकदा.

कमी पडतंय का हे ओळखायला तो शांत बसलेला असताना मागच्या पायाची बोटं बघा. बोटं आपोआप थरथरत असतील, खालचा जबडा रबरासारखा दबत असेल, पोट उचलून चालता येत नसेल, तर हाडं मऊ पडू लागलीत. त्या टप्प्यावर पावडर वाढवून भागत नाही. डॉक्टर आणि ट्यूबची तपासणी, दोन्ही त्याच दिवशी.

१४. पाणी पीत नाही. अंघोळ घातली की कातडीतून पाणी शोषतो म्हणतात, खरं का?

खरं नाही. कातडीतून शोषत नाही. पाण्यात बसल्यावर पितो एवढंच. साचलेलं पाणी बऱ्याच बिअर्डींना दिसतच नाही, म्हणून ड्रॉपरने नाकाच्या टोकावर एकेक थेंब सोडा, जीभ बाहेर येते. अंघोळ आठवड्यातून एकदा, त्याच्या कोपरापर्यंत येईल एवढ्या कोमट पाण्यात. नंतर पुसून दिव्याखाली. कात टाकताना बोटांवर आणि शेपटीच्या टोकावर जुनी कातडी वळ्यासारखी अडकली नाही ना ते बघा. ओढू नका, भिजवा.

१५. हातात कधी घ्यायचा? घरात तीन वर्षांची नात आहे.

तो समोर बसून खाऊ लागला की, साधारण दुसऱ्या आठवड्यापासून, रोज पाच मिनिटं. बाजूने हात खाली सरकवून छाती आणि मागचे पाय दोन्ही उचलायचे. शेपटी धरायची नाही. पालीसारखी ती पुन्हा येत नाही.

आजोबा, नातीला बघू द्या, हाताळू देऊ नका. निरोगी दिसणाऱ्या बिअर्डीच्या शीमध्येही साल्मोनेला हा जुलाब-तापाचा जंतू असू शकतो. पाच वर्षांखालची मुलं, पासष्टच्या पुढचे, गरोदर बाई, केमो चालू असलेला माणूस यांनी लांब राहिलेलं बरं. बाकीच्यांनी प्रत्येक वेळी साबणाने हात धुवायचे. त्याची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायची नाहीत. यावर घरात वाद होतो, तरी ठाम राहा.

१६. दाढी काळी करतो, हात हलवतो, डोकं वर-खाली करतो. काय म्हणायचंय त्याला?

काळी दाढी: चिडलाय, घाबरलाय किंवा नर असून माज चढलाय. सतत दिवसभर काळी असेल तर दुखणं. सावकाश हात फिरवणं म्हणजे "मी लहान आहे, भांडायचं नाही". डोकं हलवणं म्हणजे रुबाब. दिव्याखाली तोंड उघडणं म्हणजे अंग पुरेसं तापलं. काचेवर पुढच्या पायांनी धडपडत राहणं बहुतेकदा काचेतल्या स्वतःच्या प्रतिबिंबामुळे किंवा अपुऱ्या जागेमुळे होतं.

१७. डॉक्टरकडे कधी न्यायचं? आमच्या गावात सगळे गाई-म्हशींचेच डॉक्टर.

पहिली भेट आजारपणाची वाट न बघता पहिल्या महिन्यातच. ताजी शी, त्याच दिवसाची, स्वच्छ डबीत. जंत आणि कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) यांची तपासणी कुठलीही पशुवैद्यकीय प्रयोगशाळा सूक्ष्मदर्शकाखाली करू शकते, आणि नव्या पिल्लांत कॉक्सिडिया वारंवार सापडतात. उपचार मात्र सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्यांकडूनच. असे डॉक्टर मुख्यतः मोठ्या शहरांत. त्यांचा नंबर प्राणी आणण्याआधी मिळवा. कुत्र्याच्या जंतांचं औषध अंदाजाने देऊ नका.

थांबू नये अशी लक्षणं: नाका-तोंडातून फेस वा चिकट स्राव, श्वासाला आवाज, मागचे पाय ओढणं, शीमध्ये रक्त. शीतला पांढरा खडूसारखा भाग नेहमीचा. तो पिवळा-केशरी होत असेल तर पाणी कमी पडतंय. दर रविवारी स्वयंपाकाच्या वेगळ्या डिजिटल काट्यावर वजन करून वहीत लिहा. डॉक्टरांना त्या वहीचा तुमच्या वर्णनापेक्षा जास्त उपयोग होतो.

१८. डिसेंबरपासून सतत झोपतोय, खाणं बंद. ही शीतनिद्रा की आजार?

एक वर्षाच्या पुढचा, वजन टिकून असलेला आणि शीची तपासणी स्वच्छ आलेला असेल तर शीतनिद्रेसारखीच अवस्था असावी. काही आठवडे ते दोन-तीन महिने चालते. दिव्याखाली बसत नसेल तर खायला घालू नका, पोटात सडतं. पाणी अधूनमधून. दहा टक्क्यांपेक्षा जास्त वजन उतरलं तर ती आता शीतनिद्रा समजू नका. पिल्लाच्या बाबतीत हा अंदाज बांधायचाच नाही, सरळ प्रश्न १७.

१९. एकटा कंटाळेल. जोडीला दुसरा आणू?

नको. तुम्हाला वाटतं तसा तो कंटाळत नाही. एकमेकांवर चढून बसलेली जोडी प्रेमळ दिसते, पण वरचा खालच्याची ऊब आणि यूव्हीबी लाटत असतो. पुढे बोटं आणि शेपट्या जातात.

२०. नर म्हणून घेतला, आणि त्याने अंडी दिली! जवळ दुसरा बिअर्डी नाही.

मादी नराशिवायही अंडी देते. ती फलित नसतात, टाकून द्यायची. लहान वयात नर-मादी ओळखणं विक्रेत्यांनाही जमत नाही. मोठ्या बिअर्डीची शेपटी हळूच उचलून मुळाशी टॉर्चने बघा. दोन उंचवटे आणि मध्ये खळगा असला तर नर, मधोमध एकच उंचवटा असला तर मादी.

गंमत अशी की या प्रजातीत अंडी साधारण ३२ अंशांच्या वर उबवली गेली तर नराची गुणसूत्रं असलेलं पिल्लूही मादी म्हणून जन्मू शकतं, आणि तिला अंडीही होतात. ऑस्ट्रेलियाच्या जंगलातही अशा माद्या असल्याचं २०१५ साली तिथल्या संशोधकांनी दाखवलं. तुमच्या बाबतीत मात्र विक्रेत्याने चुकीचं सांगितलं हीच शक्यता जास्त.

मादी पोट फुगवून, न खाता, दिवसभर उकरत असेल तर निदान १५-२० सेंटीमीटर खोल ओलसर मातीचं घमेलं द्या. दोन दिवस उकरूनही अंडी आली नाहीत आणि ती मलूल झाली तर अंडी अडकली आहेत. यात रात्र काढू नये, लगेच डॉक्टर.

२१. गणपतीला पाच दिवस गावी जायचंय. सोबत नेऊ का?

मोठ्याला नेऊ नका. दिवे टायमरवर, जाण्याच्या दिवशी पोटभर भाजी, आणि एक दिवसाआड कुणीतरी येऊन ताजा पाला ठेवेल, पाण्याचे चार थेंब पाजेल आणि थंड टोकाचं तापमान बघून फोटो पाठवेल अशी सोय करा. किडे खायला घालायचं काम त्यांना सांगू नका; पाच दिवस किड्यांशिवाय मोठ्याला काही होत नाही, आणि शेजाऱ्यांच्या घरात सुटलेला रातकिडा पुढच्या वर्षीची मदत बंद करतो. पिल्लू मात्र एकटं ठेवता येत नाही. ते दिव्यांसकट अनुभवी पाळणाऱ्याकडे पोचवा, तेही दोन दिवस आधी, म्हणजे खाणं बंद झालं तर कळायला तुम्ही अजून शहरात असाल.